दिवे घाट, एकादशी आणि साठ ग्रॅम

पहिल्या भेटीत मी प्रत्येकाला विचारते, ऑपरेशननंतर काय करायचं मनात आहे? बहुतेक जण आकडा सांगतात. सत्तर किलो, पासष्ट किलो, लग्नात होते तेवढी. बाईंनी आकडा सांगितला नाही. “दिवे घाट चालत चढायचाय,” म्हणाल्या, आणि आपण जरा जास्तच मागितलं असं वाटून लगेच “जमलं तर” असं जोडलं.

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेआधी आणि नंतर रुग्णांचा आहार बघण्याचं काम मी पुण्यात करते. बाई पुरंदर तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. “नाव नको, बाईच म्हणा, सगळं गाव तेच म्हणतं,” ही त्यांची अट. घर माळकरी. सासूबाई, ज्यांना पुढे मीही आजी म्हणायला लागले, वीसेक वर्षं माउलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर चालतात. बाईंना शाळेमुळे पुणे ते सासवड एवढाच टप्पा मिळायचा, तोही दिंडीच्या ट्रकमधून, पातेली आणि पथाऱ्यांच्या शेजारी बसून. घाटाच्या तोंडाशी सगळ्या बायका पदर खोचून चढायला लागायच्या आणि बाईंचा ट्रक त्यांना ओलांडून वर जायचा. “वरून मी त्यांना पाणी द्यायचे. चौदा वर्षं पाणीच दिलं,” असं त्या म्हणाल्या होत्या.

मे २०२३ मध्ये बाईंचं वय ४४, उंची १५४ सेंटिमीटर, वजन १०४ किलो. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते दाखवणारा आकडा, ४४ च्या घरात. आठ वर्षांचा मधुमेह, दोन गोळ्या घेऊनही एचबीएवनसी, म्हणजे तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी, ८.६. रक्तदाबाची गोळी. झोपेत श्वास अडकायचा, म्हणून रात्री मशीन लावायच्या. गुडघे असे की वर्गात फळ्यापाशी खुर्ची ओढून बसून शिकवायच्या. विमा आणि पतसंस्थेचं कर्ज यांची जुळवाजुळव करून उन्हाळ्याच्या सुट्टीत ऑपरेशन ठरलं.

ऑपरेशन स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीचं. दुर्बिणीतून जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी उरते. खाणं तर कमी होतंच, पण घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक मुख्यत्वे ज्या भागात तयार होतं, तोही निघून जातो, म्हणून सुरुवातीचे महिने भूकच लागत नाही. माझ्या दृष्टीने हे महिने म्हणजे हातउसनी मिळालेली रक्कम. तेवढ्यात जेवणाची घडी बसवायची, कारण भूक परत येते.

सुरुवातीचे दीड महिने सुरळीत गेले. आधी नितळ पाणी, मग ताक आणि मुगाचं गाळलेलं कढण, मग घोटलेलं वरण, मग मऊ भात. १४ जूनला पालखी सासवडला आली तेव्हा बाई ९३ किलोच्या होत्या आणि रस्त्याच्या कडेला ताकाचा पेला घेऊन उभ्या होत्या. त्या वर्षी ट्रकही नव्हता.

ताट आणि हरिपाठ

या रुग्णांना सगळ्यात जड जाते ती सूचना अगदी साधी असते: सावकाश जेवा. एक जेवण वीस ते तीस मिनिटं चालायला हवं, घास बारीक चावून, आणि जेवताना पाणी नाही. पाणी अर्धा तास आधी किंवा अर्ध्या तासानंतर. नाहीतर नळी भरते, छातीत घास अडकल्यासारखा दाब येतो, उलटी होते. बाई शाळेच्या मधल्या सुट्टीत पोषण आहाराचं वाटप बघून उरलेल्या सात मिनिटांत डबा संपवणाऱ्या. मी त्यांना मोबाइलवर घड्याळ लावायला सांगितलं. दोन आठवड्यांनी म्हणाल्या, “ते वाजलं की परीक्षेची बेल झाल्यासारखं वाटतं, आणखी भराभर खाल्लं जातं.”

उपाय त्यांनीच शोधला. आजी संध्याकाळी देवघरापाशी हरिपाठ म्हणतात, त्याला पंचवीस मिनिटं लागतात. बाई स्वयंपाकघरात ताट घेऊन बसायला लागल्या. हरिपाठ सुरू झाला की पहिला घास, संपला की शेवटचा. आधी संपवायचं नाही. पहिल्या आठवड्यात निम्म्या हरिपाठातच ताट रिकामं व्हायचं आणि त्या नुसत्या बसून राहायच्या. महिन्याभरात ताट आणि हरिपाठ बरोबर संपायला लागले. पाण्याचंही तसंच. आजी उठून देवाचा दिवा सारखा करायच्या, अंथरुणं घालायच्या, मग बाई तांब्याला हात लावायच्या.

रोज करायच्या गोष्टीला आपल्याकडे ‘नेम’ म्हणतात आणि ज्या घरात वारी आहे तिथे नेम मोडत नाही, हे मला इतक्या वर्षांच्या कामात सुचलं नव्हतं. मी तक्ते देत होते.

पिशवीतले केस

२०२३ च्या दसऱ्यानंतर बाई आल्या त्या प्लास्टिकच्या पिशवीत केसांचा गुंता घेऊन. आठवडाभराचे केस गोळा केले होते, मला पुरावा म्हणून. वजन ८१. साखर ताब्यात, मधुमेहाची एक गोळी बंद झाली होती. पण चेहरा उतरलेला, जिना चढताना धाप. ऑपरेशननंतर तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. शरीराला बसलेल्या धक्क्याचा तो परिणाम असतो आणि बहुतेकांचे केस परत येतात. हे मी त्यांना आधीच सांगितलं होतं. तेवढ्यावर सोडून दिलं असतं तर चुकलं असतं, कारण धाप केसांमुळे लागत नाही.

आदल्या दिवशी काय काय खाल्लं ते लिहायला सांगितलं. लिहिलेलं छान होतं: वरण, पनीर, दही, मटकीची उसळ. हिशेब ५५ ग्रॅम प्रथिनांचा. अशा रुग्णाला दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं लागतात, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झडतात. म्हणजे बाई काठावर होत्या. मग रक्त इतकं वाईट का? हिमोग्लोबिन १०.१, लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन ९, बी-१२ १६५, तिन्ही कमी.

मी सहज म्हणाले, “नवरात्रात घरी गर्दी असेल ना?” बाई गप्प बसल्या. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नवरात्राचे नऊ दिवस उपवास. त्याशिवाय दर सोमवार, दोन एकादश्या आणि संकष्टी. महिन्यातले सात-आठ दिवस. मला दाखवायला त्या नेहमी उपवास नसलेला दिवस लिहून आणत होत्या.

आणि उपवासाच्या दिवशी काय? साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, भगर, चहा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, शंभर ग्रॅममध्ये एक ग्रॅमही प्रथिनं नाहीत. त्यात तो मऊ. अशा जठरातून भाकरी-उसळ हळू जाते आणि पोट भरल्याचं कळतं, तर साबुदाणा घसरगुंडीवरून गेल्यासारखा जातो, पोट रिकामं ते रिकामंच. हिशेब केला तर उपवासाच्या दिवशी बाई जेमतेम २० ग्रॅम प्रथिनांवर होत्या.

राग आधी आला तो बाईंवर. घरी जाताना लक्षात आलं की माझ्याच छापील सूचनांच्या कागदावर सातव्या क्रमांकाला लिहिलंय: ‘उपवास करू नयेत.’ पाच शब्दसुद्धा नाहीत. माळकरी घरातली सून त्यावर काय करणार? मान डोलावणार आणि लपवणार. मी तिला खोटं बोलायला भाग पाडलं होतं.

पुढच्या वेळी आजींना घेऊन या म्हटलं. आजी आल्या, नऊवारी, गळ्यात तुळशीची माळ, हातात स्टीलचा डबा. डब्यात माझ्यासाठी सीताफळं. मी उपवास सोडायला सांगणार या तयारीनेच आल्या होत्या. मी विचारलं, “तुमच्या घरी उपवासाला काय काय चालतं, तेवढंच सांगा.” त्या बोटांवर मोजत सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले. दूध, दही, ताक, घरी फाडलेल्या दुधाचं पनीर, शेंगदाणे, राजगिरा, शिंगाड्याचं पीठ, भगर, रताळं, सैंधव. मूग-मटकी नाही. दुकानातलं पनीर नाही, “त्यात काय घालतात देव जाणे.”

त्या यादीत प्रथिनं होतीच, ताटात नव्हती. आजींच्या यादीबाहेरची एकच वस्तू मी मागितली, ती म्हणजे प्रथिनांची पावडर. “कशाची असते ही?” दुधाची, मी म्हटलं, चीज करताना जे पाणी उरतं त्याची. “चीज म्हणजे ते ज्यात वासराचं काहीतरी घालतात?” हे त्यांना नातवाने सांगितलं होतं. मी थक्क झाले, कारण प्रश्न अगदी बरोबर होता. चीजसाठी दूध फाडायला कुठे वासराच्या जठरातून काढलेलं रेनेट वापरतात, कुठे वापरत नाहीत. आजींनी डबा हातात घेऊन फिरवला, हिरवा ठिपका शोधला, चष्म्याच्या काचेतून दोनदा पाहिला. “चालंल.”

मग उपवासाच्या दिवसाचं ताट असं बसलं: सकाळी साय काढलेल्या पेलाभर दुधात डब्यातल्या मापाने चमचाभर पावडर, ३० ग्रॅम प्रथिनं. दुपारी ८० ग्रॅम घरचं पनीर जिरं-सैंधव लावून परतलेलं, १५ ग्रॅम. चार वाजता बिनसाखरेचा चक्का छोटी वाटी, ८. संध्याकाळी हरिपाठाच्या वेळी राजगिऱ्याची लहानशी भाकरी आणि त्याबरोबर मूठभर शेंगदाण्यांची आमटी, शेंगदाण्यांचे ६. एकूण ६० च्या आसपास. खिचडी बंद केली नाही, दोन चमचे, सगळ्यांत शेवटी. आजींनी एकच दुरुस्ती सुचवली: निर्जळीच्या दिवशी हे चालणार नाही. मी म्हटलं, निर्जळी मात्र नाहीच. पाण्याशिवाय हे शरीर एक दिवसही चालवायचं नाही. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, “तिची निर्जळी मी करीन.” नातं कसं आहे ते मला तेव्हा कळलं.

त्याच भेटीत आणखी दोन गुपितं निघाली. लोहाची गोळी बाई सकाळच्या चहाबरोबर घेत होत्या, कारण पाण्याबरोबर मळमळायचं, आणि कॅल्शियमही तेव्हाच उरकत होत्या. चहा लोह अडवतो, कॅल्शियमही अडवतं, म्हणजे गोळी पोटात जाऊन फारशी उपयोगाला येत नव्हती. लोह रात्री झोपताना लिंबूपाण्याबरोबर आणि कॅल्शियम दिवसा दोन भागांत, असं वेगळं केलं. दुसरं, ड जीवनसत्त्वाची कॅप्सूल तीन महिन्यांपासून बंद होती. औषधाच्या दुकानातल्या मुलाने सांगितलं होतं की कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं असतं, आणि जिलेटिन हाडांचं. डॉक्टरांनी पुडीतली पावडर लिहून दिली. बी-१२ ची इंजेक्शनं सुरू झाली. शाकाहार, मधुमेहाची जुनी गोळी आणि हे ऑपरेशन, तिन्ही बी-१२ कमी करणारी. ते खाली जाणं अटळच होतं.

शाळा, कासार, रसवंती

चालणं ऑक्टोबरपर्यंत नाममात्र होतं. लोह वर यायला लागलं तसं वाढलं. आधी घर ते शाळा, मग शाळेला वळसा घालून, मग सकाळी सोनोरीच्या रस्त्याने. जानेवारीत जेजुरीच्या पायऱ्या तीनदा थांबून. मार्चमध्ये मल्हारगड. घाटात सराव नको, असं मी बजावलं होतं. त्या अरुंद वळणांवर ट्रक आणि डंपर अंगावर येतात.

गावाचं बोलणं व्हायचं ते झालंच. “बाई, साखर वाढली का? फार खंगल्या.” “पैसे देऊन बारीक झाल्यात, व्यायाम करून नाही.” स्टाफरूममध्ये वाढदिवसाचे पेढे यायचे आणि नाही म्हटलं की “आता आमच्यात बसणार नाही वाटतं” असं ऐकावं लागायचं. बाई वर्षभर पेढा घेऊन रुमालात ठेवत होत्या आणि वर्गात बक्षीस म्हणून देत होत्या. याला उपाय म्हणायचं की पळवाट, मला ठरवता आलं नाही, पण चाललं. सगळ्यात आनंदाची गोष्ट म्हणजे कासाराने हात दाबून सांगितलं, अडीचच्या बांगड्या आता बसायच्या नाहीत, सव्वादोनच्या घ्या. वजनकाट्यापेक्षा त्यांना ते जास्त पटलं.

एप्रिल २०२४ मध्ये एक धडा उन्हात मिळाला. सरावाच्या चालण्यानंतर सासवड रस्त्यावरच्या रसवंतीत बाईंनी उसाचा पेलाभर रस घेतला. दीड तासाने दरदरून घाम, हातापायाला कंप, डोळ्यांपुढे अंधारी. साखर मोजली तर ५८. रस वाढवतो की कमी करतो, असा प्रश्न त्यांना पडला. नळीसारख्या जठरातून साखरेचं पाणी वेगाने आतड्यात जातं, शरीर घाबरून भरपूर इन्शुलिन सोडतं आणि थोड्या वेळाने साखर खाली कोसळते. जठराच्या बायपासनंतर हे जास्त होतं, स्लीव्हमध्ये कमी, पण होतं. वारीच्या वाटेवर पावलोपावली सरबत, चहा, राजगिऱ्याचे लाडू, केळी वाटतात, आणि नाही म्हणणं म्हणजे माउलींचा प्रसाद नाकारणं. आजींनी तोडगा दिला: घ्यायचं, कपाळाला लावायचं, पुढच्या पोराला द्यायचं.

मंगळवार, २ जुलै २०२४

माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते, दोन रात्री पुण्यात मुक्काम करते आणि सासवडकडे निघते तो दिवस बहुतेक वर्षी एकादशीचाच असतो. साधारण ३२ किलोमीटरचा हा टप्पा वाटेतल्या सर्वांत मोठ्या टप्प्यांपैकी, शेवटाकडे चारेक किलोमीटरचा चढ, आणि पोटात उपवास. रथाच्या बैलांनासुद्धा इथे जादा जोड्यांची मदत लागते. बाईंचं ध्येय आणि बाईंची अडचण पंचांगाने एकाच तारखेला आणून ठेवली होती.

वजन ७२.५. हिमोग्लोबिन १२ च्या वर. एचबीएवनसी ५.९, गोळीशिवाय. झोपेचं मशीन बंद. पावडरीच्या कागदी पुड्या, भाजलेले शेंगदाणे, सैंधव, साखर मोजायचं यंत्र, सगळं कमरेच्या पिशवीत. हडपसरपासून चालायला लागल्या. मी सकाळी फोन केला तेव्हा मागे टाळ ऐकू येत होते आणि बाई ओरडून बोलत होत्या.

वडकीच्या पुढे, घाट समोर दिसत असताना, त्यांना भोवळ आली. वैद्यकीय तंबूत रक्तदाब ९२/५८, साखर १०४. म्हणजे साखर नव्हे, पाणी. दर दहा मिनिटांनी दोन-तीन घोट, असं आम्ही ठरवलं होतं, कारण हे जठर गटागटा पाणी घेऊ शकत नाही, तहान लागल्यावर भरून काढता येत नाही. बाईंनी सकाळपासून अर्धा लिटरही प्यायलं नव्हतं. का? वाटेत बायकांना जायची सोय कुठे आहे ते माहीत नाही, म्हणून. वारीला जाणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, हे उत्तर मिळेल. मी ग्रॅम मोजले, घोट मोजले, ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नाही.

आणखी एक होतं. रक्तदाबाची त्यांची जुनी गोळी जोडगोळी होती, त्यात लघवी वाढवून पाणी बाहेर टाकणारं औषध. वजन तीस किलो उतरल्यावर ती कमी करायला हवी होती. गावचे डॉक्टर समजत होते पुण्याचे बघतील, पुण्याचे समजत होते गावचे बघतात. माझ्या फाईलमध्ये मागच्या भेटीचा रक्तदाब ११०/७० लिहिलाय आणि पुढे माझ्याच अक्षरात ‘छान’.

क्षारांचं पाणी घोट घोट पाजून तासाभरात त्यांना बरं वाटलं. घाट त्या चढल्या, दिंडीच्या ट्रकमधून.

काटा कपाटावर

त्यानंतर चार महिने बाई आल्या नाहीत. फोन उचलला की “शाळेत आहे, करते.” दिवाळीनंतर आल्या तेव्हा वजन ७५, फेब्रुवारीत ७६.५. दुपारी शाळेतून आल्यावर चहा आणि त्यात बुडवून खारी. चहात भिजलेली खारी साबुदाण्याचीच बहीण, कितीही जाते. भूकही परत आली होती. “नळी फुगली माझी,” त्या म्हणाल्या. “पैसे वाया गेले.”

दुसऱ्या वर्षी थोडं वजन परत चढणं हे नेहमीचं आहे. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात, तेव्हाच्या जुन्या पद्धतीच्या ऑपरेशनांनंतरही, वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सर्वांत खाली गेलेलं आणि मग काहीसं वर आलेलं दिसतं. तरीही ऑपरेशन न केलेल्यांपेक्षा त्या लोकांचं आयुष्य वाढलं होतं. हे सांगितलं, पण त्याने बाईंचं समाधान झालं असं नाही. त्यांना काट्याचं दुःख कमी होतं, ट्रकचं जास्त.

म्हणून आम्ही घरचा काटा तीन महिन्यांसाठी कपाटावर ठेवला. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी आधीच बंद केली होती. मोजायच्या गोष्टी बदलल्या. खुर्चीतून हात न टेकता सलग किती वेळा उठता येतं? पहिल्या दिवशी नऊ. मेपर्यंत बावीस. चालताना दिवसभरात किती पाणी? दीड लिटर जमायला लागलं. चार वाजताच्या खारीच्या जागी चक्का किंवा भाजलेले फुटाणे, चहा त्यानंतर अर्ध्या तासाने आणि नुसता. हे रोज जमलं नाही. बाईंच्या वहीत आठवड्यातून दोनदा ‘खारी’ असं प्रामाणिकपणे लिहिलेलं आहे, आणि त्या वहीतली मला सगळ्यात आवडणारी नोंद तीच, कारण २०२३ मध्ये ती लपवली गेली असती.

वारीच्या आधीच्या आठवड्यात त्या नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून हडपसर ते झेंडेवाडी जाऊन आल्या आणि फिरती शौचालयं कुठे उभी करतायत, ओळखीची घरं कुठली, पेट्रोल पंप कुठे, हे वहीत उतरवून आणलं. अकरा जागा. माझ्या कुठल्याही आहारतक्त्यापेक्षा तो कागद जास्त कामाचा होता. आता मी त्याची नक्कल इतर वारकरी रुग्णांना देते.

२२ जून २०२५ ला रविवार होता, रजा टाकावी लागली नाही. वजन ७५.५, म्हणजे मागच्या वर्षी भोवळ आली तेव्हापेक्षा तीन किलो जास्त. पाच वाजून गेल्यावर फोन आला. आवाज धापेचा, मागे टाळ-मृदंग आणि गाड्यांचे भोंगे. “मॅडम, दोनदा बसले. एकदा पाणी प्यायला आणि एकदा उगीचच, खाली बघायला.” मग फोटो आला. त्यात चेहरा नव्हता, फक्त धुळीने माखलेले दोन पाय आणि शेजारी आजींचे दोन. दिंडीचा ट्रक आधीच वर पोचला होता. त्या वर्षी पाणी दुसऱ्याच कुणीतरी वाटलं.

फाईल अजून बंद झालेली नाही. दिवाळीपासून बाईंना रात्री छातीत जळजळते, आंबट वर येतं. स्लीव्हनंतर काही जणांना हा त्रास सुरू होतो. रात्रीचं जेवण लवकर केलं, उशाकडची बाजू उंच केली, गोळी सुरू झाली, तरी पूर्ण थांबलेलं नाही, म्हणून सर्जननी दुर्बिणीने आतून तपासायला सांगितलं आहे. बाई तारीख पुढे ढकलत होत्या. परवा त्यांनीच फोन केला.

“मॅडम, त्या तपासणीला आदल्या रात्रीपासून उपाशी राहायचं असतं ना?”

हो, म्हटलं.

“मग एकादशीचीच घ्या तारीख. वेगळा दिवस कशाला घालवायचा?”